वारा तोंडावर लागत होता

सायरन वाजला तेव्हा मी मेन गेटवर स्कूटर स्टँडला लावून हेल्मेटचा पट्टा सोडवत होते. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. आतली माणसं हातातली कामं टाकून शेडबाहेर पडली आणि कारखान्याच्या मागच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला असलेल्या सुरूच्या झाडांकडे निघाली. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही, कुणी मोबाइल घ्यायला मागे वळलं नाही. अगदी मी शिकवलं होतं तसं. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. इतकी वर्षं घसा कोरडा केला, त्याचं चीज झालं म्हणायचं.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. एका कारखान्याची नोकरी नाही. डहाणू आणि तलासरी तालुक्यातले लहानमोठे कारखाने मला आळीपाळीने बोलावतात. कुठे प्लास्टिक, कुठे रबराचे फुगे, कुठे बर्फ. काम सगळीकडे तेच. आग लागली तर काय, शॉक बसला तर काय, गॅस गळला तर काय, हे माणसांना सांगायचं आणि अधूनमधून मॉक ड्रिल घ्यायचं. म्हणजे खोटा सायरन वाजवायचा आणि माणसांना खरं बाहेर पडायची सवय लावायची.

हे बोलणं आता मला इतकं पाठ झालंय, की तोंड आपलं आपण चालतं. तोंड ‘घाबरू नका, धावू नका’ म्हणत असतं आणि डोक्यात घरचा सिलिंडर बुक केला की नाही ते चाललेलं असतं. डहाणू रोडहून निघते आणि तलासरीला पोचते. मधला रस्ता कुठे गेला ते विचारू नका. वळणं हातच घेतात. नवरा म्हणतो, तू ऐकत नाहीस. मी ‘हो’ म्हणते. पन्नाशी उलटली की माणूस असाच जगतो, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. दमलेल्या माणसाला ते सोयीचंही पडतं.

त्या दिवशीसुद्धा मला तलासरीलाच जायचं होतं. मी किनाऱ्याच्या रस्त्याने जाते. त्या वाटेवर, नरपड मागे टाकल्यावर, हा बर्फाचा कारखाना लागतो. शेठना एक निरोप द्यायचा आणि पुढे निघायचं, एवढंच काम होतं.

बर्फ करायला अमोनिया लागतो. घरच्या फ्रिजच्या नळ्यांतून गॅस फिरतो, तसा इथे मोठ्या पाइपांतून अमोनिया फिरतो. तो टाकीतलं मिठाचं पाणी गार करतो आणि त्या पाण्यात उभ्या केलेल्या डब्यांत गोड्या पाण्याची लादी होते. लादी क्रशरमध्ये फोडायची, टबात भरायची आणि बोटीवर पाठवायची. अमोनिया स्वस्त आहे, कामाचा आहे. फक्त त्याने पाइपातच राहायला हवं. बाहेर आला की जिथे ओल असेल तिथे तो धरतो आणि भाजतो. माणसाची ओल म्हणजे डोळे, नाक आणि घसा. थोडा असला तर खोकल्यावर भागतं. जास्त असला तर घसा आतून सुजतो आणि श्वास अडतो.

म्हणून असेंब्ली पॉइंट. सायरन झाला की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं, रांगेत उभं राहायचं, फोरमनने डोकी मोजायची. आत कुणी राहिलं का, हे कळेपर्यंत रांग सोडायची नाही. ही जागा अशी हवी, की वारा आपल्याकडून गळतीकडे जाईल, गळतीकडून आपल्याकडे येणार नाही. आमचा असेंब्ली पॉइंटचा हिरवा बोर्ड सुरूखाली होता, कारण आमच्याकडे वारा समुद्रावरून येतो.

दुपारी येतो. भूगोलात सगळ्यांनीच पाठ केलंय, दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे. खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे, मतलई जमिनीवरून समुद्राकडे. थंडीत मतलई वारा सकाळी ऊन चढेपर्यंत चालूच असतो. आणि आमचं एकूणएक ड्रिल दुपारचं. सकाळ म्हणजे बोटींचा बर्फ भरायची वेळ. एकदा सकाळी घेऊया, असं मी सुरुवातीला शेठना दोन-तीनदा म्हटलं होतं. शेठ गुजराती माणूस, बोलायला गोड.

“मॅडम, सवारे तर धंदो असतो,” ते म्हणाले. “बपोरे करो ने, दुपारी. माणसं पण निवांत, तुम्ही पण निवांत.”

पुढे मी विचारायचं सोडलं. बोर्ड दुपारच्या वाऱ्याने लावलेला होता आणि सकाळीही तो तिथेच असायचा.

तर मी गेटवर उभी होते. गेट रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. हेल्मेट काढलं तशी मानेला मागून गार हवा लागली. आधी ते माझ्या लक्षात आलं नाही. मग कंप्रेसर रूमच्या दाराखालून पांढरट वाफ बाहेर येताना दिसली. पुस्तकात अमोनिया हवेपेक्षा हलका असतो. पण दाबाखालून सुटलेला अमोनिया गारठलेला असतो आणि थंड सकाळी तो उठत नाही, जमिनीलगत रेंगाळतो. ती वाफ सरकत सरकत सुरूकडे निघाली होती. मला वासही आला नव्हता, कारण वारा माझ्याकडून तिकडे चालला होता.

आणि माझी माणसं तिच्या वाटेत रांग लावून उभी होती. खोकत होती, डोळे पुसत होती आणि उभी होती.

रांगेत पहिली कुंदा होती. कुंदाचं माहेर वरोर, सासर नरपड. ती क्रशरवर टब भरायची. मशीन चालू असताना सगळ्या शेडला ऐकू जाईल असा एकच आवाज होता, तो हिचा. तिला दमा होता. पंप कमरेला खोचूनच कामावर यायची. तिला लांब चालायला लागू नये म्हणून रांगेतली शेडला सगळ्यात जवळची जागा मीच तिला नेमून दिली होती.

मी ओरडले. सायरनपुढे माझं काय ऐकू जाणार? मी दोन्ही हात हलवून ‘बाजूला व्हा’ अशी खूण केली. फोरमन मधुकरभाऊंनी मला पाहिलं आणि एक हात वर केला. ड्रिलमध्ये त्याचा अर्थ, मोजणी चालू आहे. कुंदानेही हात वर केला. हजर.

मला अतोनात राग आला. त्यांचा, माझा, त्या सायरनचा. आणि रागापेक्षा भीती जास्त होती. कुंदा वाकून उभी होती, दुसरा हात छातीवर होता.

गॅसमध्ये शिरायचं असेल तर वाऱ्याच्या दिशेने नाही आणि वाऱ्याच्या तोंडावरही नाही. वाऱ्याला आडवं जायचं. गेटवरच्या नळाखाली ओढणी भिजवली, नाकातोंडाला गुंडाळली आणि दक्षिणेच्या कुंपणाच्या कडेने वळसा घालून धावले. ‘धावू नका’ हे मी आयुष्यभर लोकांना सांगितलंय. सुरूपाशी पोचले तोवर घशात काचा घातल्यासारखं झालं होतं.

“मधुकरभाऊ, रांग सोडा. कुंपणाच्या कडेने चला.”

“मॅडम, एक माणूस कमी हाय.” त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “लक्ष्मण नाय आला.”

लक्ष्मण म्हणजे कंप्रेसरवरचा ऑपरेटर.

“त्याचं मी बघते. तुम्ही चला.”

“मोजणी झाल्याबिगर रांग कशी सोडू? तुमीच सांगितलाय.”

मी त्यांच्या दंडाला धरून ओढलं. माणूस हलेना. बाकीचे त्यांच्याकडे बघत होते आणि ते बोर्डाकडे. कुंदा खाली बसली. बसली म्हणजे गुडघ्यातून गेली.

मग मी काय केलं ते आजही सांगताना मला हसू येत नाही, ऐकणाऱ्यांना येतं. बोर्ड पत्र्याचा, बांबूला ठोकलेला, वाळूत रोवलेला होता. मी तो हलवून उपटला, खांद्यावर घेतला आणि दक्षिणेकडे चालायला लागले. रांग माझ्यामागे आली. एकामागे एक, सरळ. मधुकरभाऊंनी कुंदाला उचललं आणि तेही बोर्डामागे आले. कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो तशी हवा स्वच्छ झाली. मी बोर्ड खाली टाकला आणि सगळे थांबले.

लक्ष्मण रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला टेकून बसलेला सापडला. व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीचं पॅकिंग फुटलं होतं. त्याने कंप्रेसर बंद केला, अमोनियाच्या टाकीचा मोठा व्हॉल्व्ह फिरवला, सायरनचं बटण दाबलं आणि रस्त्याकडच्या दाराने बाहेर पडला. गॅस त्याच्या पाठीमागून समुद्राकडे गेला. सुरूकडे न गेलेला तो एकटाच, आणि सगळ्यात कमी त्रासही त्यालाच झाला. व्हॉल्व्ह कसा बंद केलास, असं विचारलं तर म्हणाला, “मला काय आठवत नाय मॅडम. हातच गेले.” म्हणजे तीच सवय. एकीकडे व्हॉल्व्ह बंद करत होती आणि दुसरीकडे माणसांना गॅसमध्ये उभं करत होती.

बर्फाच्या कारखान्यात पाण्याला तोटा नसतो. पाइप लावून सगळ्यांचे डोळे धुतले, खूप वेळ धुतले. बर्फ न्यायला आलेल्या टेम्पोत बसवून सगळ्यांना डहाणूच्या दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत बाकीच्यांना सोडलं. कुंदाला ऑक्सिजन लावला होता. तिचा नवरा समुद्रात होता, बोटीवर. त्याला कळायला दोन दिवस तरी लागणार होते.

ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. “घशाला सूज आहे. वाढली तर नळी घालावी लागेल, मग इथे नाही ठेवता येणार. दम्याच्या पेशंटला तिथे उभं कुणी केलं?”

“ड्रिलने,” मी म्हणाले. त्यांना ते उत्तर काही पटलं नाही. मलाही नव्हतं.

शेठचा फोन आला. घाबरले की ते पुरते गुजरातीत शिरतात. “मॅडम, ड्रिल प्रमाणे थयुं ने बधुं?”

“हो शेठ. सगळं ड्रिलप्रमाणेच झालं.”

बाहेरच्या बाकड्यावर मी आणि मधुकरभाऊ बसलो होतो. त्यांचे डोळे लाल, माझे लाल. मधुकरभाऊ कारखान्यात यायच्या आधी तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. जाळं कुठे टाकायचं, कधी परत फिरायचं हे तो ठरवतो आणि बोटीवरच्या सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो. मला राहवलं नाही.

“मधुकरभाऊ, तुम्ही जन्म समुद्रावर काढलात. वारा कुठून येतोय ते तुम्हाला कळलं नाही?”

“कलला ना.” ते शांतपणे म्हणाले. “तोंडावरच लागत व्हता. मतलई व्हता.”

“मग?”

“मंग काय मॅडम? बोटीवर असतो तर पयला वारा बघितला असता, मंग पाय उचलला असता. पन इथं मी तांडेल थोडाच हाय? इथं बोर्ड हाय.”

मग ते स्वतःशीच म्हणाले, “पोरगी समोर घुसमटत व्हती आनि मी डोकी मोजत व्हतो.”

मी त्यांना दोष देऊ शकले नाही. रांगेतला जवळजवळ प्रत्येक माणूस समुद्राच्या घरचा होता. घरी अंगणात बोंबील वाळत घालताना वारा बघणारी, रात्री झोपेत वारा फिरला तर जागी होणारी माणसं. कारखान्याच्या गेटमधून आत आली की ते डोकं चपलांसारखं बाहेर काढून ठेवायची. ठेवायला मीच शिकवलं होतं. विचार करू नका, ड्रिल करा, हे माझं आवडतं वाक्य. आणि मी तरी काय वेगळी? गार हवा माझ्याही मानेला लागली होतीच की.

त्या बाकड्यावर मला फार थकल्यासारखं झालं. कामाने थकतो तसं नाही. इतकी वर्षं आपण बोलत होतो तेव्हा नेमके होतो कुठे, या विचाराने.

कुंदाची सूज रात्रीत वाढली नाही. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन कमी केला. ती वाचली. घरी यायला बरेच दिवस गेले आणि आली ती आवाज घालवून. घोगरा, कुजबुजल्यासारखा आवाज राहिला. तो परत यायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि बर्फाच्या गारव्यात काम करायचं नाही म्हणाले. शेठने तिला गेटवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायला. ते त्यांनी चांगलं केलं आणि त्याबद्दल कधी बोलून दाखवलं नाही.

मी ड्रिल बदललं. एकाऐवजी दोन बोर्ड लावले, एक सुरूखाली आणि एक रस्त्याच्या बाजूला. मधल्या खांबावर वाऱ्याची पिशवी चढवली. विमानतळावर असते तशी लांब कापडी पिशवी, वाऱ्याने फुगते आणि वारा जाईल तिकडे शेपूट करते. नवा नियम केला. सायरन झाला की आधी जागच्या जागी थांबायचं. वर पिशवीकडे बघायचं. वारा कुठून आहे ते मोठ्याने म्हणायचं. मग पाय उचलायचा. आणि ड्रिल सकाळीसुद्धा होईल. शेठ या वेळी बपोरे म्हणाले नाहीत.

पहिल्या ड्रिलला माणसं थांबली तेव्हा मला भरून आलं. अख्खी शेड उभी होती आणि प्रत्येकाची मान वर होती. मधुकरभाऊंनी तर पिशवी बघायच्या आधी गालच वाऱ्याकडे केला. “जमिनीकडून,” सगळे म्हणाले आणि रस्त्याच्या बाजूच्या बोर्डाकडे चालायला लागले. जागी माणसं चालतात तशी, थोडी वेडीवाकडी, एकमेकांकडे बघत. मला वाटलं, जमलं.

पुढची काही ड्रिलंही बरी झाली. त्यातली शेवटची दोन दुपारी आली, कारण त्या दिवशी मला सकाळी तलासरीला जायचं होतं.

मग एका सकाळी मी पुन्हा ड्रिल घेतलं. सायरन झाला. सगळे थांबले. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. शाळेच्या प्रार्थनेसारखं सगळे एका सुरात म्हणाले, “समुद्राकडून.” मी मान हलवली. छान, म्हणाले. सगळे सुरूकडे निघाले आणि मीही त्यांच्याबरोबर निघाले. डोक्यात माझ्या तलासरीचं भाषण सुरू झालं होतं.

“मॅडम.”

कुंदा होती. गेटवरून चालत आली होती. तिला मोठ्याने हाक मारता येत नाही, म्हणून तिला माझ्याजवळ यावं लागलं. तेवढ्या चालण्यानेही तिला धाप लागली होती.

“पिशवी कुठं हाय?”

मी वर बघितलं. म्हणजे या वेळी खरंच बघितलं. खांब मोकळा होता. पिशवी फाटली म्हणून कुणीतरी शिवायला उतरवली होती, ती चढवायची राहिली होती. सगळ्यांनी मान वर करून मोकळ्या खांबाकडे बघितलं होतं आणि वारा सांगितला होता. वारा जमिनीकडून होता. माझ्या मानेला लागत होता.

सगळे थांबले. कुणी हसलं नाही. मधुकरभाऊ खाली बघत उभे राहिले.

“तुझ्या कसं लक्षात आलं गं?” मी कुंदाला विचारलं.

“मी आता वारा बघूनच श्वास घेते,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, साधं उत्तर म्हणून. पण मला तिच्याकडे बघवेना.

धडा म्हणाल तर एवढाच आहे. सवय मोडायला मी नवी सवय लावली आणि ती जुनीपेक्षा लवकर जुनी झाली. माणूस बघायचं सोडून देतो आणि मान वर करायची तेवढी चालू ठेवतो. यावर मला पक्का इलाज सापडलेला नाही. कधी मी पिशवी उतरवते, कधी एखादा बोर्डच लपवते, कधी सायरनऐवजी नुसती थाळी वाजवते. माणसं कावतात, शेठ कावतात, मीही दमून जाते. ड्रिल संपलं की मी कुंदाकडे बघते, माणसांनी वारा खरंच बघितला का ते तिलाच कळतं. तिने मान हलवली आणि “नाय” म्हणाली, की आम्ही सगळे परत शेडमध्ये जातो आणि पुन्हा सुरुवात करतो.